दैवशालेला लावलेला शब्द

बेंबळीच्या ख्रिस्ती मंडळीत पाळक महिन्यातून एकदाच यायचे. उरलेल्या रविवारी उपासना चालवायचा कोंडीराम. तो पेशानं गवंडी, पण शास्त्रवाचनाला उभा राहिला की असा आवाज लागायचा, मागच्या सतरंजीवरची लेकरंही गप्प व्हायची. वचनं त्याला तोंडपाठ होती, आणि त्याचा थोडा ताठाही होता.

त्याची धाकटी बहीण दैवशाला येडशीला दिलेली. नवरा मंडळीबाहेरचा, तिथल्या रामलिंग महादेवाला मानणारा. तरी सवड मिळाली की ती एसटीनं माहेरी यायची, बायकांत बसून गाणी म्हणायची. एका श्रावणात तिच्या आजारी सासूनं, धुरपताबाईनं, हट्टच धरला: डोळे मिटायच्या आत एकदा रामलिंग बघायचा. मुलगा कामावर अडकलेला. मग दैवशालेनंच म्हातारीला पाठुंगळी घेतलं, पायऱ्या उतरून देवळात नेलं आणि दर्शन होईस्तोवर सावरून धरलं.

गोष्ट बेंबळीत पोचली. पुढं ती माहेरी आली, त्या रविवारी कोंडीरामनं नव्या करारातल्या एका पत्रातलं देवाच्या क्रोधाचं वचन काढलं. ‘अभक्ती’ या शब्दावर थांबला आणि बहिणीकडं बघत म्हणाला, "अभक्त लांब शोधायला नगं. आपल्यातच बसलेत. एक पाय हितं, एक पाय देवळात."

सगळ्या माना वळल्या. दैवशाला पदर सावरून उठली. उपासना संपल्यावर तो घरी आला, तर ती पिशवी भरत होती.

"दादा, घरी बोलला असतास तर ऐकून घेतलं असतं रे. चारचौघांत कशाला?"

"म्या माझ्या मनचं न्हाय बोललो. शास्त्रातलं बोललो."

ती पिशवी घेऊन निघून गेली. परत माहेरी आली नाही. धुरपताबाई गेल्याचा निरोप आला, तेव्हा कोंडीराम मातीलाही गेला नाही.

बरीच वर्षं गेली. कोंडीरामचे गुडघे धरले, कामं सुटली. उमरग्याहून मल्लिनाथ नावाचे नवे पाळक येऊ लागले. ते ग्रीक शिकलेले. उपासनेनंतर चार जाणत्यांना घेऊन बसायचे, एकेक शब्द उलगडून सांगायचे. एकदा तोच ‘अभक्ती’ शब्द आला.

"मूळ शब्द असेबेया," मल्लिनाथ म्हणाले. "आपल्यासारखाच आधी ‘अ’, म्हणजे नाही. पुढचा भाग आदराचा. ज्याच्यापुढं आपसूक वाकावं, त्याचा मान न ठेवणं म्हणजे असेबेया. जुने ग्रीक लोक आईबापाचा अवमान करणाऱ्यालाही हाच शब्द लावायचे."

कोंडीरामनं विचारलं, "मग देवळात जाणारा अभक्त, असं न्हाय का म्हणता यायचं?"

"कोंडीरामदादा, देव ठाऊक असून त्याला देवासारखं न मानणाऱ्यांवर बोललंय ते. आपल्यावरसुद्धा येतं. आणि थोडं पुढं त्याच पत्रात बघा ना, ख्रिस्त कुणासाठी मेला म्हटलंय?"

"अभक्तांसाठी," कोंडीराम सवयीनं म्हणून गेला. आणि तिथंच थबकला. हे वचन तर त्यानं शंभरदा वाचलं होतं. ज्यांच्यासाठी प्रभूनं जीव दिला म्हणायचं, त्यांचाच शब्द बहिणीला लावून त्यानं तिला घालवलं होतं. तेही म्हाताऱ्या माणसाचा शब्द राखला म्हणून.

त्याच आठवड्यात तो येडशीला गेला. दैवशालेचे केस पांढरे झालेले. तिनं पाणी दिलं, चहा ठेवला.

"चुकलं माझं, दैवशाले. लई चुकलं."

"व्हय, चुकलं," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही चहा घ्या. गार व्हायलाय."

लहानपणापासून अरेतुरे करणारी बहीण. ते ‘तुम्ही’ ऐकून त्यानं उचललेली कपबशी परत खाली ठेवली.

"देव न्हाय सुटला माझा," ती म्हणाली. "रोज सकाळी चुलीपाशी बोलते त्याच्याशी. मंडळी सुटली. सासूच्या मातीला सगळं गाव होतं. माझ्या माहेरचं कुणी नव्हतं."

"नाताळाला ये."

"बघू."

नाताळाला ती आली नाही. कोंडीराम उपासनेत उभा राहिला आणि जे तिच्यासमोर बोलला होता, ते सगळ्यांसमोर बोलला. आवाज पूर्वीसारखा लागत नव्हता. लोकांनी ऐकून घेतलं. ऐकणाऱ्यांतल्या निम्म्यांना दैवशाला कोण, हेच ठाऊक नव्हतं.