सत्कार केला, पोट कुणी बघेना

२०२३ साल. मला एकाहत्तर पुरी झाली होती, आणि माझ्या पोरीचं पोट दुखत होतं.

आधी पोरीचं सांगतो, म्हणजे पुढं मला कुणी मधेच थांबवणार नाही. जन्मली तेव्हा पोरगा होती. विशीत आली अन् एक दिवस साडी नेसून माझ्यापुढं उभी राहिली. म्हणाली, "आप्पा, मी अशीच हाय." मी तिसरीपर्यंत शिकलेला गवंडी. मला तेव्हा ते उमगलं नाही, अन् आजही सगळं उमगलंय असं मी म्हणणार नाही. पण औशातलं आमचं घर मी माझ्या हातानं बांधलंय. त्यात कोण राहील अन् कोण काय नेसंल, हे गल्लीनं मला शिकवायचं कारण नाही. भावकीतले दोघं समजावायला आले होते. त्यांना चहा पाजला अन् वाटेला लावलं. पोरीनं शिवणकाम शिकून घेतलं. आज औशातल्या लई बाया तिच्याकडून ब्लाउज शिवून घेतात. बाकीच्या नाक मुरडतात, पण लग्नसराई आली की त्याही येतात.

दुखणं उजव्या बरगडीखाली होतं. चार घास खाल्ले की कळ उठायची, मग उलटी. मशीनवर बसल्या बसल्या दुमडून जायची. औशातले डॉक्टर म्हणाले, "पित्ताच्या पिशवीत खडे असतील. लातूरला दाखवा. अंगावर काढू नका, बाधंल."

लातूरच्या दवाखान्यात गेलो. केस पेपरवर आधार कार्डावरचं नाव पडलं, म्हणजे जुनं, पोराचं. ते बदलायला मी कचेरीत लई हेलपाटे घातले होते. कधी साहेब जाग्यावर नाही, कधी एखादा कागद कमी. दारातल्या शिपायानं ते नाव पुकारलं. पोरगी उठली. अंगावर हिरवी साडी, हातात बांगड्या. त्यानं तिच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं अन् तेच नाव पुन्हा पुकारलं, अडतीत लिलाव पुकारावा तसं. सगळी बाकडी वळली. कुणीतरी फिसकन हसलं.

आत डॉक्टर टेबलाच्या पलीकडं मागं रेलून बसलेले.

"ऑपरेशन केलंय का?"

"पोटाचं? न्हाई, साहेब," पोरगी म्हणाली.

"पोटाचं नाही हो. ते दुसरं."

मी म्हणलं, "साहेब, दुखतंय कुठं ते तर विचारा."

"बाबा, तुम्ही बाहेर बसा."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात मनाच्या डॉक्टरकडं जायची चिठ्ठी होती. पोटाला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. बसमध्ये बसल्यावर एवढंच म्हणाली, "आप्पा, आता दवाखान्याचं नाव काढू नका. मरायचं तर घरात मरंन."

त्यानंतर मी रोज हुज्जत घातली. पण माझीच औलाद ती, ऐकती कशाला?

नांदेडला माझी मेहुणी राहते. तिच्या ओळखीच्या एक बाई याच कामात आहेत. माझ्या पोरीसारखी माणसं दवाखान्यात आली तर त्यांच्याशी कसं वागावं, हे त्या डॉक्टरांना शिकवतात. बाईंचा फोन आला. "काका, इथल्या एका दवाखान्यात डॉक्टरांचं प्रशिक्षण ठेवलंय. तुम्ही दोघं या. लातूरला काय झालं ते तुमच्या तोंडून त्यांना ऐकू द्या."

"सांगतो," मी म्हणलं, "पण तिथल्या एका तरी डॉक्टरनं हिचं पोट बघायचं."

"एक काय काका, हॉलभर डॉक्टरच असतील."

या बोलीवर पोरगी तयार झाली. निघताना मेहुणीचा फोन, "दाजी, तिथं भाषण करायचंय, भांडण न्हाई."

"दोन्हीत फरक काय असतो?" मी विचारलं.

हॉल गारेगार होता. पडद्यावर रंगीत चित्रं अन् एक सर बोलून राहिले होते, निम्मं इंग्रजीत. मला कळलं ते असं: नाव विचारा, ते सांगतील त्याच नावानं हाक मारा, गरज नसताना नको ते विचारू नका, अन् आजार काय तो बघा. शिकवणाऱ्यात काही खोट नव्हती. पुढच्या रांगेतले माना हलवत होते. मागच्या रांगेतले मोबाइलमध्ये. तरी माझ्या मनाला बरं वाटलं. म्हणलं, हितं काम होईल.

मग मला उभं केलं. मी लातूरचं सगळं सांगितलं, काही राखून ठेवलं नाही. शेवटी म्हणलं, "तिचं नाव तिला विचारा अन् तेच पुकारा. अन् जिथं दुखतंय तिथं हात लावा. बस. माझी दुसरी मागणी न्हाई."

टाळ्या वाजल्या. लई वाजल्या. पोटावर हात ठेवायला आता कोण उठतंय, म्हणून मी बघत राहिलो. उठले ते अध्यक्ष, अन् शाल घेऊन. म्हणाले, "आज या ताईंचा सत्कार करताना आम्हालाच धन्य वाटतंय." शाल घातली, नारळ दिला. सगळे डॉक्टर फोटोला गोळा झाले अन् पोरीला मधे घेतलं. ती एका हातात नारळ धरून अन् दुसऱ्या हातानं बरगडीखाली दाबून उभी. फोटोवाला म्हणतो, "ताई, जरा हसा की!"

मी बाईंना गाठलं. "अन् पोट?"

"काका, चहा होऊ द्या. मी बोलते एकाशी."

बाईंनी एका तरण्या डॉक्टरला आमच्याकडं आणून सोडलं अन् पाहुण्यांना निरोप द्यायला गेल्या. चेहऱ्यावरून गरीब वाटला. मी त्याला सांगितलं, हितं दुखतंय, जेवली की कळ येती. त्यानं मान डोलवत सगळं ऐकलं. मग खिशात हात घातला अन् रुपयाचं नाणं काढून दोन्ही हातांनी पोरीपुढं धरलं.

"ताई, मला नुकताच मुलगा झालाय. आई म्हणते, तुमच्या लोकांनी नाणं दातात धरून परत दिलं की घरात बरकत राहते. एवढं करा." अन् चक्क तिच्या पायाशी वाकला. ते बघून मागची नर्स पर्समध्ये सुटे हुडकायला लागली.

"सर, मी ब्लाउज शिवते," पोरगी म्हणाली. "आशीर्वाद द्यायचं मला येत न्हाई."

"असं नका म्हणू ताई. तुमचा शब्द खरा होतो."

त्यानं टिंगल केली असती तर मी त्याची गचांडी धरली असती. पण तो मनापासून करत होता. दुपारभर आदर शिकला होता ना, मग आदर करून राहिला होता. आता अशा माणसाशी भांडावं तरी कसं? मी म्हणलं, "डॉक्टर, ती पेशंट हाय."

"हो हो. उद्या सकाळी ओपीडीत आणा की. हॉलमध्ये कसं तपासणार?"

तेही खरं. पण तपासायचं त्याला आपणहून सुचलं नव्हतं. सुचलं ते नाणं.

मेहुणीच्या घरी मुक्कामाला जाताना ऑटोत नारळ पायाशी गडगडत होता. पोरगी म्हणाली, "आप्पा, लातूरला हसले. हितं पाया पडले. पोटाकडं कुणी बघितलं? सकाळच्या गाडीनं औशाला चला."

समोरच्या गाडीचा उजेड तिच्या तोंडावर पडला. डोळ्यांचं पांढरं मला पिवळं दिसलं. कावीळच ती. पण घाबरलेला दिसलो असतो तर ती आणखी हटून बसली असती.

"जाऊ की," मी म्हणलं. "पण आधी मला ही शाल परत करायचीय."

"परत कशाला?"

"फुकटचं मला पचत न्हाई. तू नुसती सोबत चल."

सकाळी मी शालीची नीट घडी घातली, नारळ पिशवीत टाकला अन् दवाखान्यात गेल्या गेल्या पोरीचा केस पेपर काढला; आधार कार्ड बघून तिथंही जुनंच नाव पडलं. ती कुरकुरली. मी ऐकलं नाही. ओपीडीत कालचाच तरणा डॉक्टर होता. त्याच्या टेबलावर शाल ठेवली, तिच्यावर नारळ ठेवला.

"हे तुमचं तुमाला. याच्या बदल्यात हिच्या पोटावर हात ठेवा. अन् डोळे बघा हिचे."

त्याचं तोंड लाल झालं. दारात उभ्या पोरीकडं त्यानं बघितलं, अन् डोळ्यांवर नजर गेली तसा उठलाच. "ताई, इथं झोपा." नर्सला बोलावलं, पडदा ओढला. मी पडद्याबाहेर. आतून पोरगी कळवळली.

"कधीपासून आहे हे?"

"दोन महिने झाले."

"आणि कुणीच..." म्हणता म्हणता त्यानं पेन उचललं. नाव विचारलं. तिनं सांगितलं ते चिठ्ठीवर लिहिलं. "आत्ताच्या आत्ता सोनोग्राफी करा. बहुतेक भरती व्हावं लागेल."

सोनोग्राफीच्या खिडकीवरच्या माणसानं मात्र चिठ्ठी बाजूला सारली अन् कॉम्प्युटरमध्ये होतं ते नाव कागदावर उतरवलं. मी दोनदा सांगितलं. "सिस्टीममध्ये हेच आहे, बाबा." हा माणूस कालच्या हॉलमध्ये नव्हता. हॉलमध्ये फक्त डॉक्टर होते.

आम्ही बाकड्यावर बसलो. दार उघडलं अन् तिथं कामाला असलेल्या मावशीनं पुकारलं. तेच, जुनं, पोराचं. बाकड्यावरच्या माना वर झाल्या. पोरीनं पदर आवळला, पायानं चपला सरळ केल्या. मला कळलं, आता ही उठणार अन् सरळ स्टँड गाठणार.

मी धोतर सावरून उभा राहिलो. "हाव, मीच!" एवढ्या जोरात म्हणलं की सगळ्या माना माझ्याकडं फिरल्या.

मावशीनं कागद बघितला, मला बघितलं. "बाबा, इथं वय चौतीस लिहिलंय."

"हाव," मी म्हणलं, "उन्हात काम केलंय, म्हणून असा दिसतो."

बाकडी हसली, माझ्यावर हसली. तेवढ्यात मी पोरीचं मनगट धरलं अन् तिला घेऊन आत गेलो.