तिकिटाची शिट्टी

गोकुळदासाची शिट्टी ऐकली नाही असा माणूस गोव्यातल्या साखळी गावात सापडायचा नाही. एकतीस वर्षं खासगी बसवर कंडक्टर! दोन बोटं तोंडात घालून एक शिट्टी मारली की बस थांबायची, दोन मारल्या की सुटायची. पण चार वर्षांपूर्वी पुढचे दात काढले, कवळी बसली, आणि शिट्टीच्या जागी नुसता वारा. तरी गडी खचला नाही. त्याची शिट्टी घरात शिल्लक होती, तिकिटाच्या गळ्यात.

तिकीट म्हणजे त्याचा पाळलेला पक्षी. पिवळा तुरा, नारिंगी गाल, जातीने कॉकाटील, लोकांच्या तोंडी कॉकटेल. गोव्यात हे नाव घेतलं की पाहुणे आधी ग्लास शोधतात. चौदा वर्षांचा हा म्हातारा धन्याची शिट्टी हुबेहूब मारायचा. घर बसस्टॉपला लागूनच, त्यामुळे कितीतरी बसवाले फसलेले.

यंदा मात्र तिकीट गप्प झाला. अंगाने सुटला, खालच्या दांडीवर बसून धापा टाकू लागला. गोकुळदासाचं जेवण उडालं. हा गेला तर आपली शिट्टीही गेली, असं त्याने बायकोला, शालिनीला, सरळ सांगून टाकलं.

डॉक्टर मनीषाबाईंनी पक्ष्याचं पोट चाचपलं आणि खातो काय ते विचारलं. दिवसभर सूर्यफुलाच्या बिया, सकाळी चहात बुडवलेला उंडो पाव! आमच्याकडे लाडक्या माणसाला पाव द्यायचा नाही तर काय द्यायचं? बाईंनी कपाळाला हात लावला. यकृतावर चरबी चढली होती. पाव आणि चहा बंद, बिया हळूहळू कमी, आणि रोज भाजी द्या, असं त्यांनी बजावलं.

आता भाजी म्हटल्यावर अस्सल गोंयकार काय समजेल? गोकुळदास तडक स्टँडवरच्या हॉटेलात गेला आणि वाटाण्याची पातळ भाजी बांधून घेऊन आला. पाव नको म्हणून वेटरला ठणकावून सांगितलं, तेवढं पथ्य पाळलं! वाटी पिंजऱ्यात ठेवणार, इतक्यात शालिनीला तिखट तवंग दिसला. तिने डॉक्टरांना फोन लावून नवऱ्याच्या हातात दिला.

“त्यात कांदा आहे, गोकुळदासबाब. त्याला तो विष,” बाई म्हणाल्या. “भाजी म्हणजे पाला. कच्चा.”

मग काय, धमाल सुरू झाली! परसात तांबड्या भाजीचा, म्हणजे लाल माठाचा वाफा, किसलेलं गाजर, मोड आणून उकडलेले मूग. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर रोज सकाळी तिकिटाची स्वारी बसायची. पण म्हाताऱ्याला पाला हे खाणं आहे हेच ठाऊक नव्हतं. तो पानाकडे पाठ फिरवी. शेवटी गोकुळदास पिंजऱ्यासमोर बसून कवळीने कच्ची तांबडी भाजी चावू लागला, वर वा वा म्हणत. नऊ दिवस! शालिनी म्हणाली, पक्षी राहू दे, आता बकऱ्याचा डॉक्टर बघते. दहाव्या दिवशी तिकिटाने त्याच्या बोटांतलं पान हिसकावलं, आणि हा पठ्ठ्या लुंगी सावरत स्टॉपवर धावला, अनोळखी माणसांना सांगायला.

तीन महिन्यांत एकशेतीस ग्रॅमचा एकशेसहा झाला. उडून वरच्या दांडीवर बसू लागला. गळा तेवढा उघडेना. जीव वाचला, हेच पुष्कळ, असं शालिनी समजावत होती. गोकुळदास मान हलवायचा, पण सकाळी पिंजऱ्याशी उभा राहून तोंडाने दोनदा वारा सोडायचा.

अशाच एका सकाळी यशवंतची बस स्टॉपवर उभी होती. हा यशवंत म्हणजे गोकुळदासाबरोबर वीस वर्षं बस चालवलेला ड्रायव्हर. त्याचा नवा कंडक्टर खाली उतरून एका आजीची पाटी उचलत होता. आणि घरातून दोन शिट्ट्या निघाल्या, कान फाटतील अशा. यशवंतने गिअर टाकला, बस सुटली! पाठीमागून कंडक्टर पाटीसकट धावतोय, आजी शिव्या देतेय, सगळा स्टॉप पोट धरून हसतोय.

गोकुळदास पिंजऱ्याचे गज धरून उभा राहिला.

“अगो शालिनी, माझी गाडी सुटली गो.”

पुढच्या वळणाशी बस थांबली आणि मागे मागे येऊन बरोबर दारासमोर उभी राहिली. यशवंतने खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“गोकुळदास, दात परत आले काय रे तुझे?”

डोळे पुसत गोकुळदासाने नुसतं पिंजऱ्याकडे बोट दाखवलं.