डाव्या वळणावरचा आवाज

तक्रार सगळेच करतात, पण तक्रारीला जीव लावणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझा साडू निघाला. साडू काही आपण निवडत नाही. आपण बायको निवडतो, निदान तसं समजतो, आणि तिच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे आमच्या ताईंचा, नवरा लग्नाच्या आहेरातल्या समईसारखा न मागता घरात येतो. आमचे हे साडू डोंबिवलीला राहतात. तिथल्याच एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, तयार माल तपासण्याच्या खात्यात त्यांनी सगळी नोकरी केली. माल हातात घ्यायचा, उलटापालटा करायचा आणि परत पाठवायचा. निवृत्त झाल्यावर कारखाना सुटला, पण खातं सुटलं नाही. हॉटेलात मिसळ आली की ते आधी वास घेतात, चमच्याने तळ ढवळतात आणि वेटरला जवळ बोलावून "मटकी आजची नाही" असं इतक्या हळू आवाजात सांगतात की त्या बिचाऱ्याला घरी कोणी आजारी असल्याचं कळल्यासारखं वाटतं. शेजाऱ्यांनी मुंजीची पत्रिका आणून दिली, ती यांनी लाल पेनाने तपासून परत केली. 'छान' हा शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेला नव्हता. अगदीच खूश झाले तर "चालेल" म्हणतात. ताईंना बघायला गेले होते तेव्हाही बाहेर येऊन आपल्या आईला "चालेल" एवढंच म्हणाले, आणि कुणा पुण्यवान माणसाने ते ताईंच्या कानावर घातलं. त्यांची मुलगी लग्न होऊन नाशिकला गेली, तरी आजही पोळी करपली की ताई ताटात वाढताना विचारतात, "चालेल ना?"

अशा माणसाने गाडी घेऊ नये. यांनी घेतली, आणि घरात माणसं दोन असताना सात जणांची घेतली. "सगळे एकत्र जाऊ," हे त्याचं कारण. त्या वाक्यात मी आणि माझी बायकोही होतो, हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं. गाडी ताब्यात मिळाली त्या दिवशी शोरूममध्ये ताईंनी रीतसर पूजा केली. डॅशबोर्डवर विड्याचं पान, पानावर तांदूळ आणि तांदळावर सुपारीचा गणपती. बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, समोर नारळ, चारी चाकांखाली लिंबं. साडूंनी गाडी लिंबांवरून पुढे घेतली, आम्ही टाळ्या वाजवल्या आणि साडू खाली उतरून चाकं बघत म्हणाले, "मागचं उजवं लिंबू नीट फुटलं नाही." ताई मात्र त्या वेळी गाडीत डोकं घालून पूजेचं सामान आवरत होत्या. त्यांना आवरायला जरा जास्तच वेळ लागला, पण त्याचं तेव्हा कोणाला काही वाटलं नाही.

आठवडाभरात फोन आला. "साडूभाऊ, गाडी बोलते."

"काय बोलते?"

"टुक."

ही टुक फक्त डाव्या वळणावर होते, उजव्या वळणावर गाडी गप्प असते, असं त्यांचं म्हणणं होतं. खात्री करायला ते आम्हा सगळ्यांना टिटवाळ्याच्या गणपतीला घेऊन गेले. माझी नेमणूक शेवटच्या रांगेत झाली, कारण मागे एक कान हवा होता. निघताना सूचना मिळाली की कोणी बोलायचं नाही, वेफर्स खायचे नाहीत आणि बांगड्या रुमालात गुंडाळायच्या. नवी कोरी गाडी, आत नटलेली माणसं, आणि सगळे असे गप्प की कल्याणला सिग्नलवर शेजारच्या रिक्षावाल्याने आपलं गाणं बंद केलं. प्रत्येक डाव्या वळणानंतर साडू मान वळवून विचारायचे, "आलं?" आम्ही माना हलवायचो. शेवटी माझी बायको भुकेने व्याकूळ होऊन म्हणाली, "हो भाऊजी, आलं!" साडूंनी आनंदाने गाडी कडेला घेतली. "कसं आलं? टुक, की टक?" ती म्हणाली, "टक." तिथे तिचे मार्क गेले. येताना तिला माझ्या शेजारी मागे बसवण्यात आलं.

या गाडीचं वर्कशॉप ठाण्यात माजिवड्याला आणि मी राहतो तिथून जवळच वर्तकनगरला, हा माझ्या नशिबाचा भाग. वर्कशॉपला जायचं म्हणजे दुपारचं जेवण आमच्याकडे, आणि सोबतीला साक्षीदार म्हणून मी. तिथल्या मुलांना साडूंची गाडी गेटबाहेरूनच ओळखू यायची. ती आत शिरली की अर्ध्यांना अचानक चहा प्यायची तल्लफ यायची. तक्रारी नोंदवून घेणारी एक हसरी मुलगी होती, तिला मात्र खुर्ची सोडून पळता यायचं नाही. तिने काय काय ऐकून घेतलं! वायपर डावीकडे जाताना कण्हतो. एसीला पहिल्या मिनिटात सुक्या बोंबलाचा वास येतो. मागचं दार लागताना जो आवाज यायला हवा तो येत नाही, वरच्या पट्टीत येतो. हॉर्न दिला तर रस्ता मागितल्यासारखा वाटत नाही, उसने पैसे मागितल्यासारखा वाटतो. आणि सगळ्यात शेवटी, न चुकता, "टुक." मुलगी मान डोलवायची, गाडी आत जायची, बाहेर यायची आणि ती म्हणायची, "काका, चालवून बघितली. नाही आला आवाज." साडू तिला समजावायचे, "अहो मॅडम, पाहुण्यांसमोर मुलं कधी बोलतात का?"

त्यांच्यासारखेच त्रासलेले गाडीमालक त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर भेटले. महाराष्ट्रभरचे लोक त्या ग्रुपवर आपापल्या गाडीची गाऱ्हाणी गात. तिथे साडूंना जो मान मिळाला तो घरी कधीच मिळाला नव्हता. कोल्हापूरचा कोणी गृहस्थ इंजिनाजवळ फोन धरायचा आणि डोंबिवलीत साडू डोळे मिटून ऐकायचे. ताई स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "माझा खोकला कधी असा ऐकला नाही हो यांनी." हे खोटं होतं. त्यांच्या खोकल्यावरून साडूंनी दोन डॉक्टर बदलले होते.

हे सगळं आम्ही हसण्यावारी नेत होतो. पण नाशिकहून बातमी आली, लेकीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच होतं. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून साडू स्वतः तिला आपल्या गाडीने आणणार होते. मधल्या रांगेत तिला पाय पसरून बसता येईल म्हणून ताईंनी नव्या उशा शिवल्या. आणि नेमकी याच सुमाराला साडूंनी नवी तक्रार काढली. ब्रेक कधी कधी पायाखाली पुरता जात नाही. नेहमी नाही, कधीतरीच, आणि तेही उतारावर. वर्कशॉपने ब्रेक तपासले, तेल बदललं, मुलगी म्हणाली, "काका, एकदम ओके." ताई म्हणाल्या, "आता यांचा पायसुद्धा ऐकायला लागला!"

मग एका सकाळी ग्रुपवर धुरळा उडाला. कंपनीने स्वतःहून जाहीर केलं होतं की या गाडीच्या काही नगांमध्ये ब्रेकचा एक भाग सदोष असू शकतो, गाड्या आणाव्यात, भाग फुकट बदलून देऊ. लोक भडकले, घाबरले. साडू मात्र पोराचा निकाल लागल्यासारखे माझ्या दारात उभे. "बघितलंत? परत बोलावलाय माल! याला म्हणतात कंपनी!" उभ्या हयातीत त्यांनी माल परत पाठवला होता. बनवणाऱ्यानेच तो आपणहून परत मागावा, हे सुख त्यांना नवीन होतं. ताईही आल्या होत्या, बाळाची दुपटी ठाण्यातून घ्यायची म्हणून. आम्ही तिघं माजिवड्याला गेलो. मुलीने गाडीचा नंबर कॉम्प्युटरमध्ये घातला आणि आनंदाने मान वर केली. "काका, तुमची गाडी नाहीच आहे यात. तुम्ही सेफ!"

मी सुटकेचा निःश्वास टाकला. ताईंनी हात जोडले. साडूंचा चेहरा मात्र असा पडला, जणू पंगतीत आपल्यापर्यंत येता येता जिलबी संपली.

"म्हणजे माझी गाडी चांगली आहे असं तुमचं म्हणणं आहे?"

"हो काका!"

"लिहून द्या."

"असं लिहून कसं देणार, काका?"

"मग उघडा," साडू म्हणाले आणि खुर्चीवर बसले.

ताईंचा तोल गेला. "अहो, परवा पोरीला आणायचंय! डॉक्टरांनी याच आठवड्यात प्रवास करा म्हणून सांगितलंय. ते म्हणतात गाडी चांगली, कंपनी म्हणते चांगली, सगळं जग म्हणतं चांगली. तुम्हाला मुलीपेक्षा गाडीचीच जास्त पडलीये!" आजूबाजूचे लोक बघायला लागले. मी शेजारी बसलो, तेव्हा साडू मला म्हणाले, "कसारा घाट उतरायचाय हो. ती मागे झोपलेली असणार. मी पाय दाबला आणि तो खाली गेलाच नाही तर?" बोलताना त्यांचा उजवा पाय फरशीवर पुन्हा पुन्हा ब्रेक दाबून बघत होता. हा माणूस हट्ट करतोय असं इतकी वर्षं मी समजत होतो. तो घाबरलेला होता. मी उठलो आणि त्या मुलीला म्हणालो, "उघडा, आम्ही बसतो."

पुढचं काम अर्ध्या दिवसाचं झालं. दुपारी मेकॅनिक मूठ मिटून बाहेर आला. "काका, ब्रेक चांगले आहेत तुमचे. पण ब्रेकच्या पेडलच्या वर, कार्पेटच्या फटीत हे होतं." त्याने मूठ उघडली. तळहातावर एक सुपारी होती, तिच्यावर वाळलेलं कुंकू. "वळणावर पत्र्याला लागत असणार. आणि उतारावर पुढे सरकून पेडलच्या दांड्यामागे यायची. अडकली असती तर ब्रेक पुरता लागला नसता."

"अगं बाई," ताई खाली बसल्या, "हा तर आपला गणपती!"

मग सगळं बाहेर आलं. त्या दिवशी गाडी लिंबांवरून हिसका देऊन पुढे गेली आणि पानावर बघतात तर देव नाही. शोधला, सापडला नाही. मग ताईंनी ताटातली दुसरी सुपारी उचलून पानावर ठेवली आणि हूं की चूं केलं नाही. "पहिल्याच दिवशी देव हरवला म्हणून तुम्हाला सांगायचं होतं का? तुम्ही गाडी परत केली असतीत!" हे इतकं खरं होतं की कोणी वाद घातला नाही. विघ्न टाळायला बसवलेला देव स्वतःच ब्रेकमागे जाऊन बसला होता. आधी ती मुलगी हसली, मग सगळं वर्कशॉप हसलं, चहाला पळणारी पोरंसुद्धा आली. साडू हसले नाहीत. त्यांनी सुपारी घेतली आणि शेजारच्या पत्र्याच्या टेबलावर बोटभर उंचीवरून सोडली.

टुक.

"हाच तो," ते म्हणाले, आणि चष्मा काढून डोळे पुसायला लागले. "हाच तो आवाज." ताईंचं हसू थांबलं. त्या उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि चारचौघांत त्यांचा हात धरून राहिल्या. ताईंना असं करताना मी पहिल्यांदाच पाहिलं. मलाही इतकं हलकं वाटलं की मी मेकॅनिकला मिठीच मारली आणि शर्टाला ग्रीस लावून घेतलं.

घरी येऊन साडूंनी आयुष्यात कधी न केलेली गोष्ट केली. कंपनीला मेल पाठवला की ब्रेकविषयीची माझी तक्रार मी मागे घेत आहे, दोष आमच्या देवाचा होता. तत्काळ उत्तर आलं, "आपली तक्रार नोंदवण्यात आली आहे." ते त्यांनी ग्रुपवर टाकलं आणि कोल्हापूरच्या गृहस्थांनी त्याला हात जोडले.

लेक ठरल्या दिवशी आली. घाट उतरताना ती मधल्या रांगेत उशांना टेकून अखंड बडबडत होती आणि कोणी तिला गप्प केलं नाही. त्या गाडीत गप्पा मारायला परवानगी मिळाल्याचा तो पहिला दिवस. मी मागच्या रांगेतून साडूंकडे बघत होतो. डावं वळण आलं की त्यांची मान सवयीने किंचित कलायची आणि काहीच ऐकू न येता सरळ व्हायची. पुढे पुढे त्यांचं माजिवड्याला येणं थांबलं. मग एक दिवस त्या हसऱ्या मुलीचा मला फोन आला. "काका बरे आहेत ना हो? बऱ्याच दिवसांत आले नाहीत." बरे होते, फक्त घरात जरा जास्त शांत बसायला लागले होते. आमच्याकडे जेवायला कधी येतात याची वाट मीच बघायला लागलो होतो.

नात झाली ती एका दुपारी, डोंबिवलीतल्याच हॉस्पिटलात. नर्सने दुपट्यात गुंडाळून बाहेर आणली आणि सगळे एकदम बोलायला लागले, नाक कोणाचं, कपाळ कोणाचं. साडू पुढे झाले आणि ओठांवर बोट ठेवलं. "कोणी बोलू नका." सवयीने आम्ही सगळे गप्प झालो. ताईंनी बांगड्या हाताने धरून ठेवल्या. साडूंनी डोळे मिटले, मान तिरकी केली आणि त्या एवढ्याशा तोंडापाशी कान नेला. पोरगी जीव खाऊन रडत होती. ते बराच वेळ ऐकत राहिले.

मग त्यांनी डोळे उघडले आणि ताईंकडे बघून म्हणाले, "छान आहे आवाज."