आतल्या खोलीतलं ताट

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही — बहिणीलासुद्धा नाही, आणि तिला तर मी आमटी खारट झाली तरी फोन करते. सांगायला बसले आणि दोनदा उठून गॅस बंद आहे ना, ते पाहून आले.

आमच्या ह्यांना घशाचा कॅन्सर झाला होता. रेडिएशनचे शेक संपले, गाठ गेली, पण गिळणंही गेलं. नाकातली नळी निघाल्यावर सगळं नव्यानं शिकायचं — मऊ भात, हनुवटी छातीकडे, एका घासाला दोनदा गिळायचं. शिकवणारी मुलगी गुजराती, फार गोड. तिनं मला बाजूला घेऊन सांगितलं, "काकी, जमती वखते बोलवा ना देता. पण एमने एकला ना बेसाडता, हं." जेवताना बोलू देऊ नका, पण एकटं बसवू नका. ठसका लागला तर जवळ माणूस हवं ना.

यातलं अर्धंच मी घरी आणलं.

म्हणजे — आधी ते टेबलावरच जेवायचे. पण घशातला तो आवाज, तो ठसका, नाकातून येणारं वरण... माझा घास तोंडातच फिरायचा. कीव यायला हवी होती, नाही का? मला किळस आली. ज्या माणसाचं उष्टं मी हसत खाल्लं होतं, त्याची.

एका रविवारी जाऊबाई जेवायला येणार होत्या. मी ह्यांना म्हटलं, "डॉक्टर म्हणालेत, जेवताना बोलायचं नाही. आत एकटेच बसत जा. दार लोटून." ते लगेच उठले. ताटही स्वतःच उचललं.

जाऊबाई जेवून मांजलपूरला परत गेल्या. मग ह्यांना बाहेर बोलवायला काय अडलं होतं? काहीच नाही. उलट आतून ठसका ऐकू आला की मी मिक्सर लावायची. एकदा ठसका थांबेचना — आणि मी मिक्सर चालूच ठेवला. बंद केला तेव्हा आत सामसूम. दार उघडायला हात होईना. उघडलं, तर ते भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होते. "गेला खाली," म्हणाले. खुशीत होते.

आता सगळं खातात, भाकरीसुद्धा कुस्करून. ताट मात्र आतच नेतात. बाहेर बसा म्हटलं, तर म्हणतात, "नको, त्यानंच तर बरा झालो."

गेल्या आठवड्यात डभोईहून त्यांचे जुने सहकारी आले. तोच आजार, नुकतीच नळी निघालेली. ह्यांनी अगदी गुरुमंत्र द्यावा तसं सांगितलं, "एकट्यानं जेवायचं. दार लोटून. हिनं डॉक्टरांना विचारलंय." दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मी चहा गाळत होते. "हो," म्हटलं.

डभोईला आता आणखी एक माणूस दार लोटून जेवत असेल. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. मी अजून फोन केलेला नाही.