लांबून काढलेलं लग्न

शनिवार पेठेत आमचं फोटोचं छोटं दुकान होतं. पासपोर्टचे फोटो नवरा काढायचा, लग्नं माझ्याकडे. नवरीच्या खोलीत बाई फोटोग्राफर असली की घरच्यांना बरं वाटतं, म्हणून कामं मिळत गेली. मी अंगानं जाड आहे. हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरूनच घडलं.

तेव्हा मी पस्तीसची लेन्स वापरायची. तिला झूम नाही, त्यामुळे जवळचं हवं असेल तर आपणच जवळ जायचं. कार्यालयातल्या पिवळट उजेडात तिच्यासारखी लेन्स नाही, फ्लॅशसुद्धा लागत नाही. पण तिच्यापायी नवरानवरीच्या अगदी पुढ्यात उभं राहावं लागतं. मी तशी उभी राहिले की मागच्यांना बाकी काही दिसत नाही.

एका लग्नात पहिल्या रांगेतले आजोबा अगदी शांतपणे म्हणाले, "अहो बाई, आमंत्रण लग्नाचं आहे. आपली पाठ आम्ही नंतर सावकाश बघू."

आसपासचे हसले. मीही हसले आणि बाजूला झाले. घरी गेल्यावर नवऱ्यानं विचारलं, "कसं झालं?" मी म्हटलं, "छान."

त्याच आठवड्यात लेन्स बघायला गेले. दुकानदार जुना ओळखीचा. मी लांबचं जवळ दाखवणारी सत्तर-दोनशेची मागितली, तसा तो थबकला.

"हॉलमधल्या लग्नांना? आणि परवडणारी म्हणताय ती उजेड कमी घेते. हात जरा हलला की फोटो गेला. त्यापेक्षा पन्नासची घ्या."

"मला लांबून काढायचेत."

"लग्न लांबून कशाला काढायचं?"

मला खरं सांगता येईना. "पक्ष्यांसाठी हवी आहे," असं म्हणाले. त्यानं एकदा माझ्याकडे बघितलं आणि गुपचूप खोकं काढून दिलं.

पुढचं लग्न कोथरूडच्या एका कार्यालयात होतं. पस्तीसची मी मुद्दाम घरीच ठेवली. जवळ असती तर ती लावायचा मोह झाला असता. शेवटच्या रांगेमागे, भिंतीला टेकून उभी राहिले. कुणाला माझा अडथळा नव्हता, आणि मला इतकं हलकं वाटत होतं की स्क्रीनवर फोटो हललेले दिसत असूनही मी तिकडे दुर्लक्ष केलं.

अंतरपाट धरायच्या आधी नवरी गुरुजींच्या कानाशी काहीतरी बोलली. गुरुजींनी माइक तोंडाशी धरला. "फोटोग्राफर बाई कुठे आहेत? नवरी विचारते आहे. पुढे या बरं."

सगळा हॉल मागे वळला. खुर्च्यांच्या मधली वाट अरुंद होती. मला जाता यावं म्हणून लोक उठून उभे राहिले, काहींनी खुर्च्या उचलून बाजूला घेतल्या. जी लपवायला लेन्स घेतली, ती माझी पाठ त्या दिवशी सगळ्या हॉलनं नीट पाहिली.

स्टेजवर गेल्यावर लेन्सनं दगा दिला. तिथल्या दिव्यांत चेहरे स्पष्ट येत होते, पण तिच्यात एका वेळी एकच मावत होता. मागे सरकावं तर मागे मांडवाचा खांब. अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला, हार घातले गेले. माझ्याकडे आले सुटे चेहरे, एका फोटोत नवरीचा अर्धा हात आणि दुसऱ्यात नवरदेवाची मान. दोघं एकत्र असलेला एकही फोटो धड नव्हता.

फोटो दाखवायला मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या घरी गेले. नवरीच्या आईनं सगळे फोटो शेवटपर्यंत पाहिले. मग म्हणाल्या, "चेहरे सुरेख आलेत हो. आता यात लग्न कुठे आहे तेवढं दाखवा."

मी म्हटलं, "माझी लेन्स चुकली." त्या उठल्या. चहा टाकायला आत गेल्या.

नवरी माझ्या शेजारीच बसली होती. स्क्रीनकडे बघतच ती म्हणाली, "ताई, मावसबहिणीच्या लग्नात तुम्ही अगदी जवळ उभ्या होतात ना? ते फोटो आवडले म्हणून मी तुम्हाला बोलावलं." मग म्हणाली, "तिथे आमचे एक आजोबा तुम्हाला बोलले, तेव्हा मी मागेच होते. मीही हसले होते."

बरं वाटायला हवं होतं, पण उलट जास्तच ओशाळल्यासारखं झालं. म्हणजे मी मागे का उभी होते, हे गुरुजींना सांगतानाच तिला ठाऊक होतं. मला वाटत होतं, निदान कारण तरी कुणाला ठाऊक नाही.

"तुम्ही पुढे यावं म्हणून गुरुजींना सांगितलं होतं," ती म्हणाली. "ते असं माइकवरून बोलतील असं नव्हतं वाटलं."

मग आम्ही दोघींनी मिळून तिच्या भावंडांच्या मोबाइलमधले फोटो मागवले. त्यातून हार घालतानाचे, सप्तपदीचे निवडले, आणि त्यांच्या मधेमधे माझे चेहरे लावले. अल्बम बरा झाला. शेवटच्या पानावर दुकानाचं नाव घालायला माझा हात धजला नाही.

पुढे हिंजवडीजवळच्या फ्लॅटवर तिचं डोहाळजेवण झालं, तेव्हा तिनं मलाच बोलावलं. दिवाणखाना लहान, बायका दाटीवाटीनं बसलेल्या. मी पस्तीसचीच लेन्स नेली होती. दारात उभी राहून मी म्हटलं, "जरा सरकता का? मला आत यायचंय." एवढं म्हणतानाही कान तापले. बायका सरकल्या, आणि मी तिच्यासमोर सतरंजीवरच बसले.