बर्फाच्या कारखान्यातल्या आक्का

बेळगावच्या खडेबाजारात गाद्या-रजया शिवणाऱ्या एक आक्का आहेत. तोंडात टाचण्या धरून बोलतात, म्हणून त्यांचं प्रत्येक वाक्य दातांतून येतं. जानेवारीत मी हिमाचलात, स्पितीला तंबूत राहायला निघालो, तेव्हा त्यांनी माझ्या जुन्या स्लीपिंग बॅगेत नवी लोकर भरली.

"आक्का, बर्फात टिकंल न्हवं?" मी विचारलं. त्यांनी बॅग माझ्या हातातून परत काढून घेतली.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद. शेजारी म्हणाला, "बर्फाच्या कारखान्यात गेल्यात." मी तिकडं धावलो. लाद्यांच्या मधोमध आक्का बॅगेत शिरून पडल्या होत्या, फक्त नाक बाहेर.

"तास झाला," त्या म्हणाल्या. "पायाकडं अजून एक थर पायजे. मग खुशाल जा."

स्पितीत वाटाड्यानं बॅग चाचपून कंपनी विचारली. मी ताठ मानेनं सांगितलं, "आमच्या बेळगावच्या आक्का."