मागावरचा लाल दिवा

डिंडोलीच्या जागृतीला घरात मोठ्याने बोलायची सवयच लागली होती. वडिलांचं, दगा नानांचं, उभं आयुष्य मागांच्या खडखडाटात गेलेलं. कान केव्हाच अधू झालेले. म्हणूनच मागांसाठी इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवणाऱ्या, पर्वत पाटिया भागातल्या तिच्या कंपनीत मालक योगेंद्रभाईंनी मागाचा धागा तुटला की वाजणारा भोंगा दाखवला, तेव्हा ती पटकन बोलून गेली, "कारखान्यात हा ऐकणार कोण? दिवा हवा."

"पण बेन, जोडायचा कुठे? बोर्डावरच्या मुख्य चिपच्या सगळ्या पिना भरल्यात."

सॉफ्टवेअर लिहिणं हे जागृतीचं काम. तिने बोर्डाचा आराखडा उघडला. वीज सांभाळणाऱ्या छोट्या चिपला दोन पिना मोकळ्या होत्या, हव्या त्या कामाला लावता येतील अशा. पण त्या चिपशी बोलणारा जो प्रोग्राम, म्हणजे लिनक्स या जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेल्या, सर्वांना खुल्या प्रणालीतला त्या चिपचा ड्रायव्हर, त्याला या पिनांची खबरच नव्हती.

"मी देते त्याला खबर," जागृती म्हणाली आणि कामाला लागली.

पहिल्या चाचणीला सगळं ऑफिस गोळा झालं. योगेंद्रभाईंनी चाचणीसाठी लावलेला धागा स्वतः तोडला. दिवा लागणं राहिलं बाजूला, अख्खा बोर्डच बंद पडला! पुन्हा चालू केला, पुन्हा तेच.

"बेन, तुमचा दिवा तर सगळ्यांनाच झोपवतो!" भाई पोट धरून हसले. जागृतीलाही हसू आवरेना. शोधल्यावर सापडलं: तिच्या कोडमध्ये एक आकडा चुकला होता, त्यामुळे पिन चालू होण्याऐवजी बोर्डाची वीजच तुटत होती. आकडा सुधारला आणि दिवा लालभडक पेटला.

मग तिने तो कोड लिनक्स सांभाळणाऱ्या मंडळींकडे पाठवला. कुणा परदेशी जाणकाराने त्यात चुका काढल्या. तिने त्या नीट करून कोड परत धाडला. अखेर कोड स्वीकारल्याचं उत्तर आलं, तेव्हा ती घरी ओरडतच शिरली.

दगा नानांनी आपल्या गावाकडच्या बोलीत विचारलं, "मंग, दिवा लागना का?"

"हो, लागना, नाना! आता जगात कुणालाही लावता येईल!"

आईने, सरलाबाईंनी, लेकीसाठी लगेच शिऱ्याचा रवा भाजायला घेतला.

पुढे एका कारखान्यात रामदास नावाच्या कारागिराच्या मागावर दिवा बसवला. धागा तुटला, रामदास पार दुसऱ्या टोकाला होता, पण लाल उजेड दिसताच आला आणि गाठ मारून मोकळा झाला. शेजारच्या मागावरची उषाबाई हे बघत होती. ती जागृतीजवळ येऊन कानाशी ओरडली, "ओ ताई, माझ्या मागाला कधी लावताय?"